खडूतली पावलं

मॉडेल उभं केलं की इरमा आधी त्याच्या पावलांभोवती खडू फिरवायची. कॉफी पिऊन आलं की माणसानं पुन्हा त्याच रेषांत उभं राहायचं. चित्रकारांची ही जुनी सवय.

रॉटरडॅमच्या त्या गोदामवजा स्टुडिओत मॉडेल म्हणजे योरीनच. नऊ वर्षं दोघींचा संसार चालला होता. इरमाने एका जुन्या चित्राची उलटापालट करायला घेतली होती. मूळ चित्रात व्यापाऱ्याची गोरी बायको खुर्चीत बसलेली, आणि सुरिनामच्या डच वसाहतीतून गुलाम म्हणून आणलेली काळी पोर लिंबांचं तबक धरून उभी. काळ्या इरमाचं घराणंही सुरिनामचंच. त्या पोरीला एकदा तरी खुर्चीत बसवायचं, असा ध्यासच तिने घेतला होता. म्हणून आता तबक गोऱ्या योरीनच्या हाती होतं, अंगावर भाड्याचा रेशमी झगा आणि शेजारी रिकामी खुर्ची.

"हात भरून आले गं."

"तुमच्या बायका तीनशे वर्षं बसल्याच आहेत. तू जरा उभी राहा."

"माझी पणजी बटाटे उकरायची, बाईसाहेब."

दोघी हसल्या. कॉफी झाली, योरीन जागेवर परतली, तर तिची पावलं रेषांत मावेनात. इरमाने रेषा पुसून नव्याने काढल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा तेच. रेषा आखूड, आणि या वेळी त्यांना बोटं होती. योरीनच्या पायांत तर बूट होते.

इरमाचं डोकंच फिरलं. "थट्टा पुरे झाली हं."

"मी कशाला करू?" योरीनचा आवाज बारीक झाला होता.

माप बघावं म्हणून इरमाने चपला काढून रेषांत पाय ठेवले. ते नेमके बसले.

"धर जरा," म्हणत योरीनने तबक तिच्या हातात दिलं आणि दमून खुर्चीत बसली.

इरमाला पाय उचलता येईना.

"योरीन, हात दे."

योरीन झग्याच्या चुण्या नीट करत होती.

"अगं, पाय निघत नाहीयेत. भीती वाटतेय मला."

योरीनने वर पाहिलं. इरमाकडे नाही, लिंबांकडे.

"थोडं वर धर."

इरमाचे हात वर गेले. तिने ते नेले नव्हते.

"माझं नाव घे," ती रडवेली होऊन म्हणाली. "एकदाच घे."

योरीनने अगदी मनापासून आठवून पाहिलं. कपाळावर आठी पडली, मग ती विरली.

"असू दे," ती मायेने म्हणाली. "आम्ही एखादं ठेवू तुला."