माझी हरकत नाही

मंगळवार, दुपारचे सव्वातीन. सामरवरणी, कारखान्यांलगतच्या पत्र्याच्या चाळीतली नववी खोली. आवाज नको म्हणून पंखा बंद.

मृणालच्या माहितीपटाचा विषय एवढाच: प्लास्टिकच्या धाग्याच्या कारखान्यात कामाला गेलेला झिपरू परत आला नाही, आणि कारखाना म्हणतो, असा माणूस आमच्याकडे नव्हताच. पोलीस चौकीने तेच ऐकलं, तक्रार घेतली नाही. झिपरू तिथे कामाला होता हे सिद्ध झालं, तर त्याच्या बायकोला, बायडाबाईला, निदान त्याचा शोध तरी मागता येणार होता.

मृणालची पद्धत ठरलेली. कॅमेऱ्यासमोर बसणाऱ्याने आधी नाव, गाव सांगायचं आणि ‘माझी हरकत नाही’ म्हणायचं. मुलाखत संपली, की सगळ्यांनी मिनिटभर गप्प बसायचं. तेव्हा तिचा साथीदार अभिजीत खोलीची नुसती शांतता ध्वनिमुद्रित करायचा. चित्रणाचे तुकडे जोडताना ती लागते. मग मृणाल विचारायची, ‘आणखी कोणाला बोलायचंय?’

बायडाबाईची मुलाखत संपली, तशी मृणाल म्हणाली, “मावशी, एक मिनिट बोलायचं नाही.”

“ते कंपनीनं आम्हाले आधीच शिकवलंय, ताई.”

पत्रा तडतडत होता. मग जळक्या प्लास्टिकचा वास आला, घशात बसणारा. अभिजीतने हेडफोन कानांवर दाबले.

“कोणीतरी... बोलतंय.”

त्याने आवाज स्पीकरवर सोडला.

“झिपरू... गाव धडगाव... माझी हरकत नाही.”

बायडाबाईने तोंडात पदर कोंबला. “त्याचाच... त्याचाच आवाज.”

घाबरलेलं माणूस सवयीचंच बोलतं. मृणालही तेच बोलून गेली.

“आणखी... कोणाला बोलायचंय?”

“योगेश... गाव शहादा... माझी हरकत नाही.”

त्याच कारखान्यात मशीनवर काम करणारा, पण आज सुटीवर असलेला, शेजारच्या खोलीतला चाळिशीचा योगेश चहाचे ग्लास घेऊन दारात उभा होता. त्याचे ओठ मिटलेले होते.

“हे काय लावलंय, ताई? मी जिता आहे ना!” तो हसला. चहा मात्र सांडला.

“योगेशभाऊ, उद्या कामावर जाऊ नका.”

“खाडा केला तर ठेकेदार परवा उभा करीन का? तुमचा पिच्चर व्हईन, माझं घर कोण चालवीन?”

बुधवारी मृणालने त्याला हाताला धरून अडवायला हवं होतं. तिने कारखान्याच्या फाटकासमोर कॅमेरा लावला. पुरावा हवा होता ना!

दुपारी तीनला योगेश आत गेला. कारखान्याला फाटक एकच. कॅमेरा दुसऱ्या सकाळपर्यंत चालू होता. पाळी सुटली, माणसं बाहेर पडली. योगेश नाही.

चौकीतल्या साहेबांनी चित्रण दोनदा पाहिलं. मग कारखान्याचं पत्र आलं: या नावाचा कामगार आमच्याकडे नव्हता, त्याला इथे कोणी ओळखत नाही.

चित्रणात योगेश फाटकाशी घुटमळतो. आतून त्याला कोणीतरी नावाने हाक मारतं. “आलो,” म्हणत तो आत जातो. ती हाक कोणी मारली, हे कारखान्याने अजून सांगितलेलं नाही.