एक सुरी, तिघे आणि लाल नासपती

डोंगरापलीकडच्या घळीत लाल नासपतीचं एकच झाड उरलं होतं आणि दरड त्याच्या मुळांपर्यंत खचत आली होती. लहानपणी वडिलांच्या खांद्यावर बसून रोपवालीने त्याची फळं तोडली होती. झाड कोसळण्याआधी काड्या आणून आपल्या रोपवाटिकेत कलमं बांधायची, एवढ्यासाठी ही मोहीम! सोबतीला दोघेच: हॉटेलात आचारी असलेला तिचा नवरा आणि ट्रक चालवणारा धाकटा भाऊ.

पहिली लढाई दुकानातच जुंपली. ओझं नको म्हणून सुरी एकच घ्यायची होती. भावाने करवतीचे दात असलेलं एक हातभर धूड उचललं.

"दाजी, याने अख्खं झाड आडवं होईल!"

"आणि कांदा?" आचाऱ्याने विचारलं. त्याला कागदासारखं पातळ पातं हवं होतं.

रोपवालीने दोघांनाही गप्प बसवलं. घडीच्या सुऱ्यांकडे तर तिने ढुंकूनही पाहिलं नाही. गारठलेल्या बोटांनी त्या उघडत कोण बसणार? तिने निवडली ती वीतभराहून आखूड, पाठीला जाड, धारेला निमुळती. पातं थेट मुठीच्या टोकापर्यंत गेलेलं. दुकानदाराकडून पाणी मागून तिने हात ओले केले आणि मूठ आवळून पाहिली. घसरली नाही!

"ही रानातही चालेल आणि घरी ओट्यावरही," ती म्हणाली. विषय संपला.

रानात सुरीने रोपवालीचा शब्द राखला. सुरीच्या जाड पाठीवर ओंडका ठोकून भावाने ओली लाकडं फोडली, आतला कोरडा गाभा काढून शेकोटी पेटवली आणि आचाऱ्याने त्याच सुरीने बटाट्यांच्या इतक्या पातळ चकत्या केल्या, की मेव्हण्याने एक उचलून शेकोटीच्या उजेडात आरपार पाहिली. त्या जेवणावर तिघंही बेहद्द खूश होती.

दुसऱ्या दिवशी घळ आली. दोराला लटकत रोपवाली झाडापर्यंत पोचली. झाड निम्मं हवेत होतं! तिने भराभर फांद्या छाटल्या, खाली टाकल्या आणि शेवटी सुरीही दोराने सोडली. "अहो, तुकडे करून ठेवा!"

खाली उतरून पाहते तर काय! पहिल्या फांदीचे बोटाएवढे, अगदी एकसारखे तुकडे मांडलेले.

"भाजी चिरायला सांगितली होती का? काड्या वीतभर हव्यात! टाका ते!"

आचारी ओशाळला. पण तुकडे त्याने ओल्या फडक्यात गुंडाळून खिशात घातले. "तुझ्या बाबांचं झाड आहे. फेकवत नाही गं."

बाकीच्या काड्या तिने स्वतः कापल्या आणि मोळी बांधली. सुरी पुन्हा तिच्या कमरेच्या म्यानात गेली.

परतताना ओढा फुगला होता. दोन्ही काठांना दोर बांधला. आचारी पार झाला. मधोमध रोपवाली, एका हातात दोर, दुसऱ्यात मोळी. मागे भाऊ, उरलेली दोरी कमरेला गुंडाळून. तेवढ्यात त्याच्या कमरेच्या दोरीचं मोकळं टोक दगडांत अडकलं. पाय सुटले. प्रवाहाने त्याला खाली दाबलं!

"ताई!"

डोकं पाण्याखाली गेलं. वर आलं. पुन्हा गेलं!

हात दोनच होते. तिने मोळी सोडून दिली. सुरी उपसली. बोटं बधिर, पण मूठ पक्की! एकच घाव, आणि दोरी तुटली. भाऊ खोकत तिच्या खांद्याला बिलगला.

काठावर पोचल्यावर तिने त्याला आधी छातीशी धरलं आणि मग मनसोक्त झापलं. मोळी केव्हाच वाहून गेली होती आणि हा ओढा ओलांडून पुन्हा घळीत जाणं शक्य नव्हतं. तिला रडू फुटलं. भाऊ वाचल्याचा आनंद होता, पण बाबांचं झाड गेलं होतं.

आचाऱ्याने भीतभीत खिशातलं फडकं उलगडलं. "याचं काहीच होत नाही का?"

तिने एक तुकडा उचलला. बोटभर काडी, आणि तिच्यावर टपोरे दोन डोळे. कोंब तिथूनच फुटतो. वीतभर काडी नसली तरी सालीसकट नुसता डोळा काढून दुसऱ्या रोपात बसवता येतो. तिने भर ओढ्याकाठी नवऱ्याच्या गालाचा मुका घेतला. भावाने मान फिरवली.

घरी पोचताच तिने त्याच सुरीच्या टोकाने डोळे बसवले. काही सुकले. पण एका सकाळी तीन रोपांवर हिरवे कोंब दिसले! ती धावत स्वयंपाकघरात आली. आचारी तीच सुरी घेऊन कांदा चिरत होता.

"म्हणजे माझं चिरणं चुकलं नव्हतं तर!" तो म्हणाला.

"चुकलंच होतं," डोळे पुसत ती म्हणाली. "पण पुढच्या वेळीही तस्संच चुका."