समोरची खुर्ची

शाळेच्या वर्गात आमच्या मदत पथकाची सोय होती. दोन खुर्च्या, पाण्याचा जग, खिडकीबाहेर वाळत घातलेल्या सतरंज्या. पूर ओसरला होता. चिखलाचा वास मात्र मुक्कामालाच आला होता. लोकांचं मन हलकं करणं हे माझं काम. पद्धत साधी. समोर रिकामी खुर्ची ठेवायची, गेलेलं माणूस तिथे बसलंय असं समजून राहिलेलं बोलायचं. मग स्वतः त्या खुर्चीत बसून त्याच्या वतीने उत्तर द्यायचं. बहुतेक जण तिथे पोटभर रडतात आणि मग कुठे घासभर जेवतात.

दादाशी मात्र मी असं कधी बोलले नव्हते. माझा थोरला भाऊ अशाच एका पुरात गेला, सापडलाच नाही. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. खुर्ची उलटी करून, तिच्या पाठीवर हनुवटी टेकून पुढे झुलायची त्याची खोड होती.

त्या दुपारी शिंपीकाका आले. त्यांची बायको वाहून गेली होती. लेक न्यायला येऊन थांबली होती आणि हे हलायला तयार नव्हते.

"तुला सोडून कसा जाऊ?" ते खुर्चीला म्हणाले.

मी म्हणाले, "काका, आता तिथे बसा. काकूंच्या वतीने बोला."

"तिथे कसा बसू? ती उठू दे की."

असं बोलतात लोक. मी नुसती मान डोलावली. काका बराच वेळ ऐकत राहिले. एकदा तर हसलेसुद्धा. मग डोळे पुसून उठले.

"निघा म्हणते. पोरीला ताटकळत ठेवू नका म्हणते."

मला बरं वाटलं. मी खुर्ची उचलायला गेले.

"राहू द्या, ताई. तिच्यामागे एकजण केव्हाचे उभे आहेत."

"कोण?"

काकांनी माप घेतल्यासारखं बघितलं. "उंच आहेत. डावा खांदा चांगलाच उतरलेला. तयार सदरा अंगाला बसायचा नाही."

दादा मला त्याच खांद्यावर घेऊन हिंडायचा. इथे हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

काकांना फाटकापर्यंत पोचवलं. लेकीने त्यांचा हात धरला. आमची गाडीही निघायच्या तयारीत होती. "जग राहिलाय," असं ड्रायव्हरला सांगून मी परत आले.

वर्गात कुणी नव्हतं.

समोरच्या खुर्चीची पाठ माझ्या खुर्चीकडे वळलेली होती.

बाहेर हॉर्न वाजला. मी दार लावून घेतलं आणि माझ्या खुर्चीत बसले. पद्धतीप्रमाणे आधी मीच बोलायचं होतं.

"दादा," मी म्हणाले.

खुर्ची हळूच माझ्याकडे कलली.