फेरातली जागा

त्या वर्षी पेरण्याच झाल्या नाहीत. सोसायटीचं गोदाम रिकामं पडलं, म्हणून तर बायकांना नाचायला जागा मिळाली. चेअरमन शहादेवरावांनी किल्ली वत्सलाबाईंच्या हातात ठेवली. "खत न्हाई, बियाणं न्हाई. नाचा खुशाल," म्हणाले. भिंतींत युरियाचा वास मुरलेला होता. टँकरचं पाणी घरात पडलं की दुपारी बायका जमायच्या. पंचमीला वडवणीत फेर धरायचा होता.

गाता गाता ओरडून सांगता येत नाही, म्हणून वत्सलाबाईंनी हातांची भाषा बसवली होती. हात एकदा दाबला की वळायचं, दोनदा दाबला की बसायचं. त्या उजव्या हातानं सुरुवात करायच्या. दाब एकीकडून दुसरीकडे जात, फेर पुरा करून त्यांच्या डाव्या हातात यायचा. आला, म्हणजे सगळ्यांना कळलं.

ऊसतोडीला जाणारी बाई आपल्या जुन्या लुगड्याचा काठ मागं ठेवून जायची. शेजारणी त्याची दोन टोकं धरून तिची जागा राखायच्या आणि दाबाऐवजी काठाला हिसका द्यायच्या. पाडव्यानंतर बाया परतल्या, आपापले काठ घेऊन गेल्या. हिरवा तेवढा उरला. छबूचा. पौषात उसाची ट्रॉली उलटली, तीत ती गेली.

छबू मोठी खट्याळ. दाब पुढं देताना एक जास्तीचा घालायची. तिच्यापायी एकदा हळदीकुंकवात वत्सलाबाई भर मांडवात एकट्याच मटकन बसल्या होत्या. फेरात ती कायम तिची आई चंद्रभागाबाई आणि वत्सलाबाई यांच्यामध्ये. आता तिथं हिरवा काठ होता.

आषाढ लागला आणि हिसका उशिरा यायला लागला. आईचे हात थरथरत असतील, अशी वत्सलाबाईंनी मनाची समजूत घातली. मग एकाचे दोन यायला लागले.

"कावून गं दोनदा ओढतीस?"

"मी एकदाच ओढलं, अक्का."

पुढं हिसका यायचाच थांबला. मुठीतला काठ नुसता दाबला जायचा. आतून. उबदार. वत्सलाबाई पदराला हात पुसायच्या. उन्हाळ्यासारखं ऊन, घाम यायचाच.

"मेलेल्या माणसाची जागा धरत्यात का कुठं?" केशरबाईनं त्यांना बाजूला घेऊन विचारलं. फेरात ती त्यांच्या उजवीकडे असायची. "ती माय घास गिळंना झालीय. फेरातली ती जागा मिटवा, म्हंजी तिचा जीव तरी सुटंल."

वत्सलाबाईंना पटलं. चंद्रभागाबाईंची वाळलेली मनगटं त्याही रोज बघत होत्या.

"चंद्रभागा, आज सराव झाला की काठ सोडू. उद्यापासून तुझा हात माझ्या हातात."

चंद्रभागाबाईंनी काठ तळहातावर सरळ केला. "बरं," म्हणाल्या. "तिला सांगते."

फेर रंगला. गाणं संपत आलं तसा वत्सलाबाईंनी उजवा हात दोनदा दाबला. केशरबाई बसली. तिच्या पलीकडची बसली. एकेक करत चंद्रभागाबाई बसल्या, वत्सलाबाईही टेकल्या.

डाव्या मुठीत दाब आला. एक. दोन.

तीन.

त्यांनी मान वळवली. काठाचं एक टोक त्यांच्या मांडीवरल्या मुठीत होतं, दुसरं चंद्रभागाबाईंच्या. मधला भाग खाली आलाच नव्हता. उभ्या बाईच्या कमरेइतका उंच, ताणलेला.

गाणं कधी थांबलं ते कुणालाच कळलं नाही.

"बस गं माय," चंद्रभागाबाई हळूच म्हणाल्या. "लई लांबून चालत आलीस."

काठ खाली यायला लागला. एकदम नाही. दिवसभर मोळ्या वाहिलेली बाई टेकते तसा. आधी गुडघ्यापाशी थांबला, मग पुरता.

"सोडा, अक्का," केशरबाई कुजबुजली. "सोडा तो."

वत्सलाबाईंनी मूठ सोडली नाही. त्या केशरबाईच्या अंगावर जराशा सरकल्या आणि डावीकडे जागा करून दिली.