कन्हानच्या बेटावरची परकी भाजी

कन्हान नदीच्या पात्रात रेतीचं एक बेट आहे. नदी सुरय पक्षी तिथे उघड्या वाळूत अंडी घालतात. त्या बेटाला कसल्याशा परक्या तणानं वेढा घातलाय, अशी कुणकुण गोपिकाला लागली. वनस्पतिशास्त्र शिकवणारी बाई ती, तिला चैन कुठली पडायला! पण फुलासकट नमुना हातात असल्याशिवाय वनविभाग नोंद घेईना. म्हणून सकाळीच ती कामठीजवळून डोंग्यात बसली. वल्हं शेजारच्या चंद्रभानकाकांकडे होतं. काकांचा भाजीचा मळा नदीकाठीच, त्यामुळे पात्र त्यांच्या पायाखालचं.

बेट दिसलं आणि तिच्या काळजात चर्र झालं. वाळू निम्मीच उरली होती! बाकी सगळं हिरवंगार, गुडघाभर दाट. जरा पुढे सरकताच डोंगा त्या वेलांच्या जाळ्यात रुतला. तेवढ्यात पाणी गढूळ होऊन चढू लागलं.

"धरणाचं पाणी सोडलं वाटते!" काकांनी विळा उपसला.

"काकाजी, कापू नका जी! एकेक तुकडा खाली जाऊन रुजते!"

"मंग काय बुडून मरतं वं?"

गोपिकानं उडी मारली. पाणी छातीपर्यंत! पायांना वेलांचा विळखा! एका हातानं डोंग्याचा काठ धरून ती एकेक वेल सोडवू लागली, डोंग्यात टाकू लागली. काकाही वाकले. हिसका बसला. डोंगा कलंडला, सावरला आणि गरकन फिरून वाळूवर आदळला. वाचले!

धापा टाकत तिनं एक वेल उचलला. देठ मोडला, आतून पोकळ. वर पांढऱ्या फुलांचा गोंडा. अशाच दिसणाऱ्या आपल्याकडच्या पाणभाजीचं फूल पानाच्या बगलेत बसतं. हे लांब दांडीवर उभं होतं. हेच ते परकं तण, ओळख पक्की झाली!

काकांचा चेहरा मात्र उतरला.

"पोरी, हे त मीच मळ्यात लावलं. दोन साल झाले, एका नाल्यातून आणलं. तुही काकू म्हणे, भाजी कोवळी आहे, झटक्यात वाढते. मांगच्या पुरात एक वाफा वाहून गेला. चार अजून आहेत."

गोपिकानं नोंदीचा कागद काढला. 'कुठून पसरलं?' या रकान्यापाशी पेन अडलं. काकांचं नाव लिहायचं? गाव त्यांना काय म्हणेल? 'माहीत नाही' लिहिलं तर कोण विचारणार होतं? तिला रडू आलं.

"काहून थांबली? लिही माहं नाव. नाहीतर इथून उपटतीन अन् माह्या वाफ्यातून पुन्हा येईन."

तिनं लिहिलं. मग खाली आणखी एक ओळ लिहिली: 'गोपिका, वनस्पतिशास्त्राची शिक्षिका. दोन वर्षं हीच भाजी काकूच्या हातची आवडीनं खाल्ली, ओळखली नाही.'