टॉप मॉडेल आधी का थांबलं?

अमरावतीच्या शोरूममध्ये दोन गाड्या शेजारी शेजारी उभ्या होत्या. दोघींचं नाव चंडोल. बॅटरी सारखी, मोटरही सारखी. पण एक होतं मधलं मॉडेल आणि दुसरं टॉप मॉडेल. तेजल गावंडे टॉप मॉडेलच्या मागच्या सीटवर मान वर करून बसली होती, आणि तिथून उठायचं तिच्या मनात अजिबात नव्हतं. या गाडीचं छत काचेचं होतं. चाकं तर एवढी मोठी आणि चकचकीत, की त्यांत तिला स्वतःचा चेहरा दिसला होता.

खाली उतरली ती फक्त पाटी वाचायला. पाटीवर दोन्ही गाड्यांचा पल्ला (बॅटरी एकदा पूर्ण भरली की गाडी जाऊ शकते ते अंतर) लिहिला होता. मधलं मॉडेल चारशे ऐंशी किलोमीटर, टॉप मॉडेल चारशे तीस.

"पाटी चुकलीय," तेजल म्हणाली. "आकडे उलटे झालेत."

"पाटी बरोबर आहे," मागून आवाज आला. शोरूमचा यंत्रमानव विश्वा तीन चाकांवर घरंगळत जवळ आला होता. "महाग मॉडेल कमीच जातं. पण का, ते मला आजवर कुणी विचारलं नाही. सगळे फक्त रंग विचारतात."

तेजलची आई, डॉक्टर वंदना, पाटीसमोर कपाळाला आठ्या घालून उभी होती. ती गुरांची डॉक्टर. मेळघाटातली दूरदूरची गावं तिच्याकडे होती. तिची जुनी जीप गेल्या महिन्यात कायमची बसली, आणि सोमवारपासून लाळ्या-खुरकुताची लस टोचायची मोहीम होती. लस थंड ठेवावी लागते. ज्या गावांना जायचं होतं तिथे चार्जिंगची सोय नव्हती, आणि वीज कधी असायची, कधी नसायची.

"मला बाहेरचा प्लग हवा," ती म्हणाली. बाहेरचा प्लग म्हणजे गाडीच्या बॅटरीतली वीज दुसऱ्या यंत्रांना पुरवायची सोय. "त्यावर लशीचा फ्रिज चालेल. पण प्लग फक्त टॉप मॉडेलला आहे, आणि त्याचा पल्ला कमी. घाट चढून शेवटच्या गावापर्यंत जायचं, दिवसभर फ्रिज चालवायचा आणि परत यायचं. मध्येच बॅटरी संपली तर लस वाया, आणि गुरं तशीच."

तिच्याबरोबर कुमुदआजी आल्या होत्या. त्या आईच्या मावशी. बंगळूरला त्यांनी सारा जन्म वायुबोगद्यात (वस्तूंवर जोराचा वारा सोडून त्या तपासायची लांबलचक खोली) काढला होता. विमानाचे पंख, पुलाचे खांब, एकदा तर सायकलस्वाराची टोपीसुद्धा त्यांनी तिथे तपासली होती.

"वंदना, पाटीकडे बघत राहिलीस तर पाटीच दिसेल," त्या म्हणाल्या. "तेजल, तू सांग. दोन्ही गाड्यांत वीज सारखीच भरली, तरी एक लवकर थांबते. मग उरलेली वीज गेली कुठे?"

"कुठेतरी सांडली," तेजल म्हणाली.

"छान. कुठे सांडते ते शोधू. विश्वा, मागे मोकळा रस्ता आहे ना?"

शोरूमच्या मागे गाड्या चालवून बघायला सरळसोट, सपाट रस्ता केला होता. दोन्ही बाजूंना कपाशीची शेतं. कुमुदआजींनी युक्ती सांगितली. दोन्ही गाड्या रिकाम्या सोडायच्या, कारण त्या ड्रायव्हरशिवाय आपल्या आपण चालत. दोघींचा वेग सारखा झाला की पांढऱ्या रेघेवर मोटर बंद करायची. ब्रेक लावायचा नाही. मग बघायचं, कोण किती लांब जातं.

"शर्यत, पण कुणीच पळवायचं नाही," तेजल म्हणाली. तिला हे फारच आवडलं. टॉप मॉडेल जिंकणार याची तिला खात्री होती. एवढी मोठी चाकं काय उगाच असतात?

गाड्या आल्या. रेघ ओलांडताना दोघींची नाकं एका ओळीत होती. मोटरींचा गुणगुणाट थांबला आणि फक्त टायरांची सळसळ उरली. थोडा वेळ काहीच फरक दिसेना. मग टॉप मॉडेलचं नाक हातभर मागे पडलं, मग गाडीभर. तेजल रस्त्याच्या कडेने धावत सुटली. "चल, चल ना," ती गाडीला म्हणत होती. गाडी बैलगाडीच्या चालीवर आली, मग माणसाच्या चालीवर, आणि तिच्या डोळ्यांदेखत थांबली. मधलं मॉडेल मात्र संथपणे पुढे सरकत राहिलं आणि तीन-चार क्रिकेटच्या खेळपट्ट्यांइतकं पुढे जाऊन मगच उभं राहिलं.

तेजलला धाप लागली होती. थोडा रागही आला होता. तेवढ्यात तिच्या लक्षात आलं की उभी असूनही तिचे केस मागे उडताहेत.

"आजी, वारा समोरून आहे. आपण उलट्या दिशेनेही बघू."

कुमुदआजींनी तिच्याकडे जरा निरखून पाहिलं. "हे मी सांगणार होते. बरं झालं नाही सांगितलं."

उलट्या दिशेने दोन्ही गाड्या जास्त लांब गेल्या, पण आधी थांबलं ते टॉप मॉडेलच.

"आता टायरला हात लाव," आजी म्हणाल्या. टायर कोमट होता. "चाक फिरताना टायरचा जमिनीला टेकलेला भाग दबतो आणि पुढे गेला की परत फुगतो. दबायला जी ऊर्जा लागते, ती सगळी परत मिळत नाही. थोडी उष्णता होऊन जाते. ती या कोमटपणात आहे. या मोठ्या चाकाचा टायर रुंद आहे, त्याचं रबर पकडीसाठी मऊ केलंय, म्हणून तो जास्त ऊर्जा खातो. शिवाय रुंद टायर हवेला जास्त आडवा येतो, आणि चाकाच्या उघड्या आऱ्या रवीसारखी हवा घुसळतात. हवेलाही ढकलावं लागतं, फुकट बाजूला होत नाही ती."

"म्हणजे वीज रस्त्यावर आणि हवेत सांडली," तेजल म्हणाली. मग ती थबकली. "पण छतही वेगळं आहे. चाकांमुळेच झालं हे कशावरून? छतामुळे झालं असेल तर?"

"कसं ओळखशील?"

तेजल दोन्ही गाड्यांभोवती फिरली. एकदा छताकडे बघितलं, एकदा चाकांकडे. आणि एकदम तिच्या अंगात वीज संचारल्यासारखं झालं.

"विश्वा, मधल्या मॉडेलसारखी चाकं टॉप मॉडेलला बसतात का? बाकी काही बदलायचं नाही, फक्त चाकं."

"बसतात," विश्वा म्हणाला. "हेही कुणी विचारलं नव्हतं."

विश्वाच्या हातांनी भराभर नट सोडवले. लहान चाकं लागल्यावर टॉप मॉडेल जरा साधं दिसू लागलं, आणि तेजलला क्षणभर वाईट वाटलं. पण गाड्या पुन्हा रेघेकडे निघाल्या तशी ती ते विसरली. आईसुद्धा आता पर्स गळ्यात अडकवून कडेने धावायच्या तयारीत उभी होती.

मोटरी बंद झाल्या. दोन नाकं एका ओळीत राहिली. बैलगाडीच्या चालीवर आली, तरी एका ओळीत. तेजल एका बाजूने धावत होती, आई दुसऱ्या बाजूने. गाड्या रांगू लागल्या, अडखळल्या, आणि हातभर अंतराने थांबल्या.

आई रस्त्याच्या मधोमध हसत उभी राहिली. "म्हणजे मला प्लगही मिळेल आणि पल्लाही."

"जवळजवळ," आजी म्हणाल्या. "काच पत्र्यापेक्षा जड असते. ते वजन घाट चढताना कळेल. आणि अजून एक गोष्ट आहे. तेजल, आत जाऊन बस. एसी लावू नकोस."

वऱ्हाडातलं दुपारचं ऊन काचेतून थेट तेजलच्या डोक्यावर आलं. थोड्याच वेळात तिच्या मानेवरून घाम ओघळला. मग आजींनी एसी लावायला सांगितला, आणि समोरच्या स्क्रीनवर विजेचा खर्च दाखवणारी पट्टी झरझर वर चढली. तेजलने कुणी न सांगता विश्वाला विचारलं, "छताखाली सरकवायचा पडदा मिळतो का?"

मिळत होता. जादा सोयींत तो होता, आणि रंगीबेरंगी दिव्यांची माळही होती. दोन्हींपैकी एकच घ्यायचं असं आईने ठरवलं होतं. तेजलने दिव्यांकडे एकदा बघून घेतलं आणि पडद्यावर बोट ठेवलं.

सोमवारी लहान चाकांची चंडोल मेळघाटात चढली. शाळेला सुट्टी होती, म्हणून तेजलही होती आणि कुमुदआजीही. शेवटच्या गावात त्या पोचल्या तेव्हा तिथली वीज आदल्या दिवसापासून गेलेली होती. आईने गाडीच्या मागच्या बाजूला फ्रिजची वायर जोडली, फ्रिज घुरघुरला, आणि गायीम्हशी रांगेने येऊ लागल्या. रामकली कासदेकर नावाच्या बाई आपली एकुलती म्हैस घेऊन सर्वांत शेवटी आल्या. मागच्या खेपेला त्यांची पाळी येईपर्यंत लस खराब झाली होती.

"या वेळी तरी आहे ना डॉक्टरबाई?" त्यांनी विचारलं.

"आहे, आणि गार आहे," आई म्हणाली. तेजलने म्हशीची दोरी धरली. सुई टोचली तेव्हा म्हशीने फक्त कान हलवला.

परत निघताना बॅटरीत हवी तेवढी वीज होती. उतार लागला. ऊन कलल्यावर तेजलने छताचा पडदा मागे सरकवला आणि सागाची झाडं डोक्यावरून वाहू लागली. तेवढ्यात तिचं लक्ष समोरच्या बॅटरीच्या आकड्याकडे गेलं. तो कमी होत नव्हता. तो हळूहळू वाढत होता.

"आजी, गाडी तर कुठेच चार्जिंगला लावलेली नाही. वीज येतेय कुठून?"

"सकाळी घाट चढायला जी आपण दिली होती, त्यातली थोडी घाट परत देतोय. उतारावर चाकं मोटरला फिरवतात, आणि मोटर वीज बनवते."

वळणांमागून वळणं गेली.

"असा टायर का नाही बनवत," तेजल शेवटी म्हणाली, "जो चढावर आणि सपाट रस्त्यावर आपोआप अरुंद होईल, आणि चिखलात रुंद?"

"अजून कुणाला जमलेलं नाही," कुमुदआजी म्हणाल्या.

"कुणालाच?"

"कुणालाच."

तेजलने खिडकी उघडली आणि मान बाहेर वाकवून फिरणाऱ्या चाकाकडे बघू लागली. आईने तिला आत ओढलं, तरी तिचे डोळे तिथेच होते.