न उगवलेला मका

ओलं फडकं उलगडलं, तर मक्याच्या एकाही दाण्याला कोंब नव्हता.

“सगळ्या गावाचं मक्याचं बियाणं मेलंय, साहेब,” बियाणं राखणाऱ्या बाईचा धाकटा दीर म्हणाला. “पेरणी तोंडावर आलीय. हे बियाणं कंपनीच्या माणसाचंच काम. आम्ही घरचं बियाणं राखतो, ते त्यांच्या डोळ्यांत खुपतं.”

फौजदारांनी स्टूल ओढलं. सकाळपासून तक्रारी ऐकून कान किटले होते. गावाचं बियाणं सांभाळणारी त्याची वहिनी भिंतीला टेकून उभी होती.

“या बियाण्याच्या खोलीची किल्ली?”

“माझ्याकडेच.”

“कुलूप?”

“धड आहे.”

“इथला घेवडा उगवला?”

“उगवला.”

फौजदारांनी मक्याचा दाणा चावला. भाजल्यासारखा तटकन फुटला. कोपऱ्यात बियाणं सुकवायचा ड्रायर होता.

पाय मोकळे करायला ते परसात गेले. तणनाशकाने गवत पिवळं पडलं होतं. त्यातच मक्याची वीतभर रोपं हिरवीगार उभी होती.

“बांधापलीकडे कुणाचं शेत?”

“माझं,” दीर म्हणाला. “गेल्या हंगामात कंपनीचा मका होता. तणनाशक मारलं तरी पिकाला काही होत नाही.”

फौजदारांनी सुस्कारा सोडला.

“बाहेरच्याने कुलूप फोडलं असतं, घेवडाही सोडला नसता. वहिनी, ड्रायर तुम्हीच जास्त तापवलात.”



“ती कशाला असं करेल?” दीर म्हणाला.

“वाऱ्याला बांध कळत नाही. तुझ्या मक्याचे पराग हिच्या कणसांवर आले. हिला शंका आली, म्हणून नवं बियाणं परसात पेरून औषध मारलं. रोपं मरायला हवी होती. मेली नाहीत. म्हणजे कंपनीचा गुण बियाण्यात शिरला. घेवड्याला ती भीती नव्हती. शेजारच्या गावात असं बियाणं पेरणाऱ्यांवर कंपनीने खटले भरलेत. समन्स मीच वाटलीत.”

“मग फेकून द्यायचं होतं!”

“फेकलं असतं तर लोकांनी वेचून पेरलं असतं,” वहिनी म्हणाली. तिचा आवाज पार थकला होता. “गावावर एक हंगाम विकतचं पेरायची पाळी आली, पण कोर्टाची पायरी टळली.”

“मला का नाही सांगितलंस?”

“तुझ्या शेतातून आलं म्हटलं असतं, तर तू या घरी जेवायला आला नसतास.”

दीर खाली बसला.

“गावाला खरं सांगावं लागेल,” फौजदार म्हणाले.

“मी सांगतो,” दीर उठला. “वहिनी, तू फक्त बरोबर चल.”